बाँडवर नसलेली नावं

2023च्या दिवाळीनंतर दादानं आमच्या घराण्याची वंशावळ काढली. त्या वर्षी अख्खा मराठवाडाच वंशावळ काढत होता. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीला झालेल्या उपोषणानंतर न्यायमूर्ती शिंदे समिती निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधत होती, आणि आमच्यासारखी घरं तहसीलच्या दारात उभी होती. खासरा पत्रक, गाव नमुना चौदा, शाळेतली जुनी रजिस्टरं. दादानं औशाच्या किती फेऱ्या मारल्या ते मोजलं नाही. शेवटी शंभराच्या बाँडवर त्यानं खापरपणजोबापासून स्वतःच्या मुलापर्यंत सगळं झाड उतरवलं. सहा पिढ्या, 31 नावं, सगळी पुरुषांची. मी चेष्टेनं म्हटलं, "माझं नाव कुठाय रे?" तर म्हणाला, "तू सासरच्या वंशावळीत बघ की." मी बघितलं. तिथंही नव्हतं.

नोंद सापडली का, हा वेगळा विषय. तो इथं काढत नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये दादा गेला. वय 39. रात्रपाळीची लाईट होती, उसाला पाणी द्यायला गेला होता. आठवडाभर छातीत जळजळ व्हायची म्हणून तालुक्याला एका दवाखान्यात दाखवलं होतं. पित्त आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. ईसीजी काढला नाही. त्या रात्री जाताना वहिनीनं ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं. पहाटे बांधावर सापडला, बॅटरी चालूच होती.

आमच्या घरात हे नवीन नव्हतं. वडील 46व्या वर्षी गेले, थोरले काका 51व्या. "त्या घराला पन्नाशी लाभत नाही" असं गावात बोललं जायचं, आमच्यासमोर नाही, पण कळायचं. थोरले काका गेल्यावर 2011 मध्ये सगळं घर त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा नारायण नागबळी करून आलं. आजोबा, म्हणजे आबा, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. स्वतः सगळ्या विधीला हजर राहिले. पुढं ते 91 वर्षं जगले, शेवटपर्यंत ताकावरचं लोणी खात. आणि आम्ही माळकरी. चार पिढ्यांत घरात मटण शिजलेलं नाही. त्यामुळं 'खाण्यापिण्यामुळं झालं' असंही कुणाला म्हणता येईना. मग उरतो तो दोषच.

दादाच्या तेराव्याला माझा एक जुना विद्यार्थी आला होता. चौथीला माझ्या वर्गात होता, आता अंबाजोगाईला इंटर्नशिप करत होता. मी ओसरीवर पाय मुडपून बसले होते. तो पाया पडायला वाकला आणि तसाच थांबला. "मॅडम, टाचेच्या मागं हे काय आहे?"

टाचेच्या वरची जी शीर असते, चपलेचा पट्टा जिथं घासतो, तिथं मला दोन्ही पायांना गाठी आहेत. हरभऱ्याच्या घाट्याएवढ्या, टणक, न दुखणाऱ्या. दादालाही होत्या, वडिलांनाही. आम्ही त्याला घराण्याची खूण म्हणायचो. आत्या कौतुकानं सांगायची, आमच्यात लेकरू कुणाचं ते टाच बघून ओळखावं. मी त्याला तेच सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, उद्याच्या उद्या लिपिड प्रोफाइल, रक्तातल्या चरबीची तपासणी करा. आणि दादांचा जुना एखादा रिपोर्ट असेल तर बघा."

दादाचा एकही रिपोर्ट निघाला नाही. माझा आला तो असा: एकूण कोलेस्टेरॉल 338, एलडीएल म्हणजे त्यातलं वाईट कोलेस्टेरॉल 268, ट्रायग्लिसराइड 130, साखर नॉर्मल. वजन 52 किलो. लॅबवाल्या मुलानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, परत एकदा करू, काहीतरी गडबड झाली असंल." परत केलं, एलडीएल 262 आलं.

लातूरच्या फिजिशियननी आधी थायरॉइड, किडनी, लिव्हर तपासून घेतलं, कारण त्यांच्या दुखण्यानंही एलडीएल चढू शकतं. ते सगळं ठीक होतं. मग त्यांनी चप्पल काढायला सांगितली, गाठ चिमटीत धरून बघितली, आणि कागदावर शाळेत देतात तसे गुण मांडले. वडील पंचावन्नच्या आत हृदयविकारानं गेले, 1 गुण. शिरेवर गाठी, 6. एलडीएल अडीचशेच्या वर, 5. बेरीज 12. ही डच पद्धत आहे म्हणाले. आठच्या वर गेलं की निदान पक्कं. आयुष्यभर मुलांना गुण देत आले, पण जास्त गुण पडले म्हणून पोटात गोळा येण्याची ही पहिली वेळ.

दुखण्याचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. हे नाव मला नीट म्हणता यायला आठवडा लागला. घरी मी नवऱ्याला साखर कारखान्याच्या भाषेत समजावलं. रक्तातलं एलडीएल म्हणजे उसाच्या गाड्या. त्या उतरवून घेणारा कारखाना म्हणजे लिव्हर, आणि गेटवरचे वजनकाटे म्हणजे पेशींवरचे रिसेप्टर. काटे बनवायचा नकाशा प्रत्येकाला दोन प्रतींत मिळतो, एक आईकडून, एक वडिलांकडून. आमच्या घरातल्या काहींना त्यातली एक प्रत खराब मिळाली. म्हणून निम्मेच काटे चालू, आणि गाड्यांची रांग रस्त्यावर. रस्ता म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या. बाकीच्यांच्या रस्त्यावर चाळिशीनंतर गर्दी होते, आमच्या रस्त्यावर जन्मल्या दिवसापासून. हे रिसेप्टर शोधून काढणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985चं नोबेल मिळालं. म्हणजे वडील गेले तेव्हा हे सगळं जगाला माहीत होतं. आमच्या तालुक्यापर्यंत आलं नव्हतं, एवढंच.

आकडे मी खोदून खोदून विचारले. औषध नसेल तर अशा पुरुषांपैकी निम्म्यांना पन्नाशीपर्यंत हृदयविकार गाठतो. बायकांमध्ये साठीपर्यंत तिघींपैकी साधारण एकीला. ब्रिटनमध्ये अशा कुटुंबांची एक नोंदवही आहे. तिच्यातून 1991 मध्ये जे छापून आलं त्यात 20 ते 39 या वयात हृदयविकारानं मरण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ शंभरपट निघाला होता. 39 हा आकडा ऐकल्यावर मी पुढचं काही ऐकलं नाही. डॉक्टरांनी पाणी दिलं. मग म्हणाले की हे गोळ्या नीट मिळायच्या आधीच्या काळातलं आहे, स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं आल्यावर चित्र बरंच पालटलं.

जनुकाची तपासणी करायची तर आमच्याकडं रस्ता हैदराबादचा. लातूर, उदगीर, बिदर, जहिराबाद. लहानपणापासून मोठं दुखणं म्हटलं की एकतर सोलापूर, नाहीतर हैदराबाद. निघताना दादाच्या वंशावळीची झेरॉक्स पिशवीत टाकली. कुटुंबाची माहिती घेऊन या असं फोनवर सांगितलं होतं, आणि आमच्याकडं तर तहसीलच्या शिक्क्याची तयार होती.

तिथली समुपदेशक बाई हैदराबादी हिंदी बोलायची. तिनं तो कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "इसमें औरताँ किधर हैं?"

मग तिनं कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. दुखणं असलेल्याला काळं भरायचं. माझ्या गोलाला बाण, कारण तपास माझ्यापासून सुरू. आत्या किती? दोन. मोठी निलंग्याकडं दिलेली, 61व्या वर्षी बायपास झालेली. धाकटी 58व्या वर्षी झोपेत गेली. 'पुण्याई, झोपेत गेली' असं आम्ही म्हणायचो. बाईनं तो गोल काळा केला. "दादी?" आजी 57व्या वर्षी तुरीच्या रानात बसल्या बसल्या गेली. "दादी के भाई-बहन?"

मला काही सांगता आलं नाही. आजीचं माहेर उदगीरच्या पलीकडं, सीमेलगत, एवढंच माहीत. माहेरचं आडनावसुद्धा आठवेना. खापरपणजोबाच्या भावांची नावं मला पाठ होती, आणि जिच्या मांडीवर वाढले तिच्या आईबापाचा पत्ता नव्हता.

बाईनं पेन आबांच्या चौकोनावर ठेवलं. 91 वर्षं, हृदयाची तक्रार नाही, टाचेला गाठ नाही. मग ते आजीच्या गोलावर नेलं आणि नुसती माझ्याकडं बघत राहिली.

जांभळ्या झाकणाच्या बाटलीत रक्त दिलं. पैसे किती, तर त्या वर्षीच्या भावानं चार क्विंटल सोयाबीनचे. रिपोर्ट महिन्यानं आला. 19व्या गुणसूत्रावर एलडीएलआर नावाचं जनुक, त्यात एका अक्षराची अदलाबदल. तिच्यामुळं रिसेप्टरचं प्रथिन बनता बनता मध्येच तुटतं. वर्गवारी: रोगकारक. हा शब्द यावा म्हणून मी देवाला हात जोडले होते, हे कुणाला खरं वाटणार नाही. पण बाईनं आधीच सांगून ठेवलं होतं की कधी कधी 'अर्थ अनिश्चित' असा शेरा येतो, मग नातेवाइकांचं रक्त तपासूनही त्या एका अक्षरावरून काही ठरवता येत नाही. पक्कं कळलं की बाकीच्यांचं काम सोपं होतं. सगळं जनुक वाचायची गरज नाही, फक्त तेवढी एक जागा बघायची. खर्चही बराच कमी.

इथून पुढचं काम माझं होतं, आणि ते हैदराबादपेक्षा लांबचं निघालं.

धाकटे काका पहिल्यांदा तयार झाले. वय 66, त्यांच्यात तो बदल नव्हता. रिपोर्ट कळताच त्यांनी बंडीतून तंबाखूची पुडी काढली, दोन वर्षांपूर्वी सोडलेली. "आता मला काय हुतंय!" मी समुपदेशक बाईला फोन लावून स्पीकर चालू केला. तिनं त्यांना सांगितलं की चाचा, बहुतेकांचा हृदयविकार एका जनुकानं होत नाही. शेकडो बारीकसारीक बदल थोडा थोडा धोका वाढवतात, आणि ते या तपासणीत बघितलेलेच नाहीत. वर तंबाखू. पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरचा 2016चा एक अभ्यास तिनं सांगितला: ज्यांचा जनुकीय धोका वरच्या पट्टीतला होता, त्यांच्यातही सिगारेट न ओढणारे, अंगानं आटोपशीर, हिंडते-फिरते, नीट खाणारे जे होते, त्यांना हृदयविकाराचा धोका 46 टक्क्यांनी कमी दिसला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, पुडी बंडीत ठेवली. संध्याकाळी गोठ्यात मळताना दिसले.

भावजींनी एक जुनी बातमी पाठवली: हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी शोधलं, 4 टक्के भारतीयांत हृदयाचं जनुक बिघडलेलं. "हेच का आपलं?" नाही. ते संशोधन खरं आहे, 2009चं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचा त्यात मोठा वाटा. पण ते जनुक वेगळं, एमवायबीपीसी3. त्यातली 25 अक्षरं गळालेली असतात आणि त्याचा संबंध हृदयाच्या स्नायूच्या दुखण्याशी आहे, कोलेस्टेरॉलशी नाही. हे मी सात जणांना सात वेळा समजावून सांगितलं.

खरी कसोटी निलंग्याला होती. मोठ्या आत्याच्या मुलाला थोरल्या काकांची मुलगी दिलेली आहे. मामाची मुलगी करणं आमच्याकडं रीतच. उलट नाही केली तर 'मामाची टाळली' म्हणून बोलतात. समुपदेशक बाईनं त्या दोघांच्या मधे एक रेघ ओढून तिच्याखाली दुसरी ओढली होती. नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ काढतात. काही न बोलता तिनं त्या रेघेवर दोनदा पेन टेकवलं.

अर्थ असा. दोघांतही तो बदल असेल, तर प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता अशी की दोन्ही प्रती खराब मिळतील. मग काटाच चालू नाही. अशा मुलांचं एलडीएल चारशे-पाचशेच्या वर असतं, अंगावर पिवळट गाठी येतात, आणि हृदय शाळेच्या वयातच अडचणीत येतं. आत्याची नातवंडं आठ आणि पाच वर्षांची.

मी आत्याच्या ओसरीवर बसून तीन कप चहा प्यायले, तरी विषय काढता येईना. शेवटी आत्याच म्हणाली, "बोल की गं माय, कशाला आलीस ते." मी सांगितलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. "म्हंजी माझ्यामुळं?" मी म्हटलं, आत्या, तुझ्यामुळं कसं? तुला दुसऱ्या कुणी दिलं, त्यांना आणखी कुणी. पण ती ऐकेना. तिचा मुलगा भडकला. "आम्ही धडधाकट हाव, लेकरं खेळलालीत, आन् तू रक्त काढाय आलीस?" मी उठले. चपला घालताना त्याची बायको, माझी चुलत बहीण, मागून आली. हळूच म्हणाली, "ताई, उद्या शाळा सुटल्यावर दोघांना घेऊन येते. यांना नंतर सांगू."

लहान मुलांचं रक्त काढताना मी बाहेर थांबले. साध्या लिपिडचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी येणार होता. ती रात्र मी झोपले नाही. मुलाचे गुडघे, कोपर डोळ्यांसमोर आणत होते, कुठं पिवळं दिसलं होतं का. सकाळी साडेअकराला, पाढे चालू असताना मोबाइल वाजला. मुलगी 214. मुलगा 92. वर्ग चालू ठेवून मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला टेकले. मुलांनी सतराचा पाढा दोनदा म्हटला. नंतर जनुकाच्या तपासणीतही तेच निघालं: मुलीत एक प्रत खराब, मुलगा मोकळा. नवरा-बायको दोघांतही तो बदल होता. भाऊ आता माझ्याशी बोलतो. गोळी मात्र बायकोनं ताटाशेजारी ठेवली तरच घेतो.

माझ्या घरी लेक सुटली, मुलगा नाही. तो अकरा वर्षांचा, एलडीएल 196. मुलांना आठ-दहा वर्षांपासून गोळी सुरू करता येते, त्याला कमी डोस चालू आहे. त्यानं फक्त एवढं विचारलं, "क्रिकेट बंद का?" नाही म्हटल्यावर पळाला.

मला रोसुवास्टॅटिन, नंतर जोडीला इझेटिमाइब. तीन महिन्यांनी एलडीएल 118 झालं. डॉक्टर अजून खूश नाहीत, त्यांना सत्तरच्या खाली हवंय. रोसुवास्टॅटिन म्हणजे लिव्हरला कोलेस्टेरॉल बनवू न देणारी गोळी, त्यामुळं लिव्हर चांगल्या प्रतीवरून जास्त काटे बसवतं आणि रक्तातलं ओढून घेतं. या जातीचं पहिलं औषध जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत सापडलं होतं, 1973 मध्ये. ज्वारीच्या कणसावर बुरशी धरली की हळहळणारी आम्ही माणसं, बुरशीनं जगवल्याचं ऐकून आत्यासुद्धा हसली.

सगळेच तयार झाले असं नाही. एका चुलतभावाच्या मुलीचं यंदा बघतायत. "आधी लग्न होऊ दे, मग काय काढायचं ते रक्त काढ," म्हणाला. मला त्याचा राग आला, आणि कळलंही. स्थळाच्या कानावर 'यांच्या घरात काहीतरी आहे' असं गेलं तर काय होतं, ते मी गावात राहून जाणते. एवढंच सांगितलं की निदान साधं लिपिड कर, त्यावर जनुक-बिनुक काही लिहिलेलं नसतं. आणि आकडा मोठा आला तर मूल ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोलायला लाव, कारण ही गोळी त्या काळात सहसा थांबवतात. मुलगी दाराआड ऐकत होती. मी मुद्दाम मोठ्यानं बोलले.

आजीचं माहेर सापडायला दिवाळी उजाडली. लग्नाच्या एका जुन्या आहेराच्या वहीत आडनाव मिळालं, त्यावरून गाव, गावावरून नाना. नाना म्हणजे आजीच्या भावाचा मुलगा, वय सत्तरीचं. मी गेले तर त्यांनी आधी साडी आणायला माणूस पाठवला, आतेभावाची लेक पहिल्यांदा दारात आली म्हणून. मग जेवताना सांगू लागले. आजीचे दोन भाऊ चाळिशीतच गेले. नानांचा थोरला भाऊ 42व्या वर्षी, सोसायटीच्या बैठकीत. "आमच्या घराला कुणाचं तरी लागलंय," नाना म्हणाले. "लई केलं आम्ही. त्र्यंबकलाबी जाऊन आलो."

मी हातातला घास ठेवला. थोरल्या भावाचा मुलगा, 34 वर्षांचा, भात वाढत होता. अनवाणी. मी त्याच्या टाचांकडं बघत होते.

त्याच्यात तोच बदल निघाला, त्याच जागी, तेच अक्षर. ज्या कुळाच्या नावानं आम्ही त्र्यंबकला तीन दिवस बसलो, त्या कुळातून हे आलंच नव्हतं.

आजवर 19 जणांची तपासणी झाली, 8 जणांत निघालं. दादाच्या बाँडची झेरॉक्स आता जोड देऊन देऊन चार्टपेपरवर चिकटवली आहे. लाल पेननं गोल काढलेत. आजीच्या बाजूला तर गोलच जास्त. नानांच्या बहिणी बिदर, भालकी, देगलूरला दिलेल्या. नाना मोबाइलवर बोलायला कंटाळतात, म्हणून त्यांनी नातवाकरवी सगळ्यांना निरोप दिला की टाचेचा फोटो काढून लातूरच्या ताईला पाठवा. त्यामुळं माझा फोन टाचांनी भरलाय. भेगा पडलेल्या, मेंदी लावलेल्या, पैंजण घातलेल्या. बहुतेक साफ असतात. गाठ नाही म्हणजे दुखणं नाही असं नसतं, हे प्रत्येकीला लिहून कळवावं लागतं.

परवा रात्री एका अनोळखी नंबरवरून फोटो आला. खाटेवर पालथं झोपून काढलेला, दोन्ही टाचा. डाव्या शिरेवर फुगवटा होता. खाली लिहिलं होतं: "ताई मी भालकीची. हे तेच आहे का? उद्या उपाशी यावं लागंल का? मला सकाळी चक्कर येते."

मी फोटो मोठा करून बघितला, मग कळवलं: "उपाशी नको. भाकरी खाऊन ये. बहिणी असतील तर त्यांनाही आण."